भूपाल मगदूम, दुसरी आवृत्ती

सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींची एक जुनी खोड आहे. ज्याच्यासाठी काम चाललंय त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं.

पूर्वी हे राजरोस चालायचं. साहेबलोकांच्या बैठका व्हायच्या, गरजांचं भलंमोठं बाड तयार व्हायचं, त्यावर सह्या पडायच्या, आणि मग दोन-दोन वर्षं माणसं मान खाली घालून ते बांधत बसायची. वस्तू तयार होईपर्यंत सही करणाऱ्याची बदली झालेली असायची, नाहीतर गरजच बदललेली असायची. पुढे शहाणपण सुचलं. थोडं करा, दाखवा, चुकलं तर मोडा, पुन्हा करा, आणि दर पंधरवड्याला वापरणाऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवा. पद्धत चांगलीच होती. फक्त तिला दर पंधरवड्याला एक जिवंत माणूस लागायचा, आणि जिवंत माणसाला त्याची स्वतःची कामं असतात हे या मंडळींच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे प्रतिरूप. एखादा राजी असलेला माणूस घ्यायचा. काही दुपारी त्याला भरपूर बोलू द्यायचं, त्याचं रोजचं काम कॅमेऱ्यासमोर करू द्यायचं. त्याची नजर आधी कुठे जाते, बोट कुठे अडखळतं, रागावला की कुठला शब्द तोंडात येतो, कशापाशी तो कंटाळून उठून जातो, हे सगळं यंत्र शिकत जातं. त्यातून त्या माणसाचं जे रूप तयार होतं, ते संगणकाच्या कधी न पाहिलेल्या पडद्यापुढेही अगदी त्याच्यासारखंच वागतं आणि त्याच्यासारखंच बोलतं. खरा माणूस आपल्या कामावर जातो आणि प्रतिरूप जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभर पडदे वापरून त्यांना नावं ठेवून मोकळं होतं. एकच पथ्य होतं. प्रत्येक चाचणीआधी प्रतिरूप पुन्हा कोरं करायचं, म्हणजे ज्या दिवशी ते तयार झालं त्या दिवसावर नेऊन ठेवायचं. एकदा पडदा पाहिलेला माणूस नवखा राहत नाही, आणि चाचणीला नवखाच लागतो.

त्रिशला मगदूम सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत चाचणीचं काम बघायची. दुसऱ्यांनी केलेलं मोडून बघायचं काम. तिच्या स्वभावाला ते शोभतं, असं तिचा नवरा भूपाल चारचौघांत सांगायचा.

भूपाल हळदीच्या पेठेत सौद्यांचा पुकारा करायचा. फोनवरून बोली लावायची सोय कधीचीच झाली होती, तरी व्यापारी पेठेत येऊन बसायचे. भूपाल एकेकाची टिंगल करत भाव चढवायचा आणि ज्याची सगळ्यात जास्त टिंगल व्हायची तोच शेवटी माल उचलायचा. घरी आला तरी त्याचं तोंड बंद नसायचं. भाजी निवडताना पालकाशी बोलायचा, पंखा कुरकुरला तर पंख्याशी बोलायचा. त्रिशला म्हणायची, तुम्ही झोपेत तरी गप्प असता का हे मला एकदा बघायचंय.

कंपनीला पेठेसाठी नवी व्यवस्था करायची होती तेव्हा भूपाल आपणहून प्रतिरूप द्यायला तयार झाला. ते प्रतिरूप टीममध्ये भलतंच लाडकं झालं. नवा पडदा दाखवला की ते विचारायचं, "हे बटण हाय का शेंगदाणा? माझं बोट बघ आन् हे बघ." चाचणी नसतानाही पोरं त्याला काहीतरी दाखवायची, नुसतं ऐकण्यासाठी. पेठेचं काम संपलं तरी ते प्रतिरूप कुणी मोडीत काढलं नाही.

मग एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता भूपाल खाली बसला आणि उठेनाच. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. पाय पुष्कळसा सुधारला, उजवा हात लुळाच राहिला, आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगताना त्रिशलाच्या नाकी नऊ यायचे. त्याची जीभ धड होती, तो भाकरी व्यवस्थित चावून खायचा. घशाला काही झालं नव्हतं, डोकंही शाबूत होतं. मनात आलेल्या गोष्टीसाठी शब्द शोधून आणणारा मेंदूचा भाग तेवढा गेला होता. म्हणून लिहिताही येत नव्हतं. छापलेली अक्षरं दिसायची, पण त्यांचा अर्थ लागायचा नाही. कानावर पडलेलं मात्र कळायचं, वाक्य लहान असलं आणि सावकाश बोललं तर. वाचाघाताच्या काही रोग्यांच्या तोंडात एखादाच शब्द शिल्लक राहतो. तो कुठला राहील याला काही धरबंध नसतो. भूपालच्या तोंडात राहिला तो 'बटाटे'.

मगदूमांच्या जैन घरात चातुर्मासात बटाट्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. सासूबाई हयात असत्या तर त्यांनी डॉक्टरांशी भांडण काढलं असतं. पाणी हवं असलं की बटाटे, खांदा दुखला की बटाटे, बातम्यांत कुणी गाढवपणा केला की बटाटे. पहिले काही दिवस दोघंही हसले. एकदा मात्र तो खिडकीकडे हात करून तेच म्हणत राहिला. तिने खिडकी उघडली, लावली, पाणी आणलं, शाल आणली, गोळी आणली, शेजाऱ्यांना हाक मारली. शेवटी त्याने डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं आणि तो रडायला लागला. त्याला त्या दिवशी काय सांगायचं होतं ते तिला तेव्हा कळलं नाही.

भूपालकडे बघता यावं म्हणून कंपनीने तिला घरून काम करायची मुभा दिली. बाहेरच्या खोलीत तिने यंत्र मांडलं. एका दवाखान्याच्या पडद्याची चाचणी होती, चिडका वापरणारा हवा होता. तिने सवयीने भूपालचं प्रतिरूप उघडलं.

"आलीस व्हय?" त्याचा आवाज आला. "सकाळच्या उप्पिटात मीठ न्हवतं बघ. काय न बोलता खाल्लं, पण न्हवतं."

प्रतिरूप तयार झालं त्या दिवशी सकाळी उप्पीट अळणी झालं होतं. त्यामुळे रोज कोरं केलं की रोज त्याची तीच तक्रार असायची. एरवी तिने केव्हाच उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, चुकलं माझं, उद्या नीट घालीन. त्यानंतर ती रोज हेच म्हणायला लागली. चाचण्या दुपारीच संपायच्या, पण ती संध्याकाळपर्यंत काहीतरी निमित्त काढायची. कुठलाही जुना पडदा समोर धरायची आणि त्याला बोलू द्यायची. आजाराबद्दल तिने त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या लेखी तो अजून हळदीचा हंगाम होता आणि त्याला पेठेत जायचं होतं.

आतल्या खोलीत भूपाल टीव्ही बघत बसायचा. बाहेर प्रतिरूपाचा आवाज सुरू झाला की आतला टीव्ही बंद व्हायचा. हे तिच्या दोन-चारदा लक्षात आलं. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं या माणसाला किती लागत असेल, असं वाटून तिने कानात इअरफोन घालायला सुरुवात केली. तेव्हापासून भूपाल घुम्यासारखा राहायला लागला. दारात येऊन उभा राहायचा, ती मान वर करून काय हवंय म्हणून विचारायची, आणि तो परत फिरायचा. त्याला मत्सर वाटतो अशी तिची खात्रीच झाली. त्याचा तिला राग यायचा नाही, लाज वाटायची. नवरा आत आणि ती बाहेर नवऱ्याशीच गप्पा मारत बसलेली, हे कुणाला सांगणार?

याच सुमारास कंपनीने वाचाघाताच्या रोग्यांसाठी एक यंत्र करायला घेतलं. टीमची प्रमुख रेहाना शिकलगार. वयाने त्रिशलाहून पुष्कळ लहान, पण हिशेबी आणि सरळ. यंत्रात शब्दांचे चौकोन होते. हवा तो दाबायचा, यंत्र तो मोठ्याने बोलणार. चाचणीसाठी कंपनीतली सगळी प्रतिरूपं घेतली, त्यांचं बोलणं बंद केलं आणि चौकोन पुढ्यात ठेवले. सगळ्यांनी पटापट वाक्यं जुळवली. भूपालच्या प्रतिरूपाने तर चौकोनांतूनही टिंगल केली. टीम खूश झाली.

मग मिरजेतल्या एका दवाखान्यात खरे रोगी बोलावले. त्यात भूपालही होता. त्याने यंत्र हातात घेतलं, चौकोनांकडे बघितलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवून दिलं. त्या माणसानेही तसंच केलं. एक बाई सगळे चौकोन ओळीने दाबत सुटल्या आणि यंत्र असंबद्ध बडबडायला लागलं तेव्हा ओढणीत तोंड लपवून रडल्या.

सांगलीला परतताना गाडीत रेहाना म्हणाली, "आपण बोलणाऱ्या माणसांची तोंडं बांधून तपासत होतो, त्रिशलाताई. यांचं तोंड बांधलेलं नाहीच."

त्यानंतर काही आठवड्यांनी रेहाना त्यांच्या घरी आली. भूपालसाठी पेरू घेऊन आली होती. त्याच्याशी थोडं बोलली, मग त्रिशलाला बाजूला घेऊन तिने सगळं समजावून सांगितलं.

वाचाघाताचा रोगी बाहेरून एकच शब्द बोलतो, पण तो शब्द दर वेळी सारखा नसतो. त्याचा चढउतार वेगळा असतो, श्वास वेगळा, नजर वेगळीकडे जाते, धड असलेला हात वेगळा हलतो. खुणा सगळ्या आहेत, फक्त त्या वाचायची किल्ली नाही. ती किल्ली म्हणजे त्या माणसाचं मन आधी कसं चालायचं याची माहिती. भूपालदादांचं जुनं प्रतिरूप आपल्याकडे आहे. त्याला हळूहळू तीच जखम शिकवायची. बाहेरून ते हुबेहूब आजच्या दादांसारखं वागायला लागलं की मग आतून त्याला हजारो वेगवेगळे हेतू देऊन बघायचं. पाणी मागायचं मनात असेल तर बटाटे कसं म्हणेल, भीती वाटत असेल तर कसं म्हणेल. खऱ्या दादांचा बटाटे ज्याच्याशी जुळेल, तेच त्यांना म्हणायचं असणार. यंत्र तेवढं वाक्य बोलून दाखवेल, दादांनी हो किंवा नाही करायचं. एकावर जमलं की बाकीच्या रोग्यांसाठी घरातल्या जुन्या फोनच्या चित्रफितींवरूनही जमवता येईल. पण पहिला रोगी असाच हवा, ज्याचं आजाराआधीचं अख्खं प्रतिरूप आहे. असे दादा एकटेच आहेत.

"दुसरी प्रत काढून तिच्यावर करू," त्रिशला म्हणाली.

रेहानाने नकारार्थी मान हलवली. ते चालणार नाही हे त्रिशलालाही ठाऊक होतं, तरी तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी लोकांच्या प्रतिरूपांच्या प्रती काढून त्यांच्याकडून परस्पर संमत्या घेतल्याची प्रकरणं गाजली होती. तेव्हापासून कायदा होता. एका माणसाचं एकच प्रतिरूप. दुसरं चालू केलं की पहिलं आपोआप कायमचं विझतं.

म्हणजे बोलणारा भूपाल उरणार नव्हता. रेहाना ते शब्दांत म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली की तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकेन, आणि चहा अर्धा ठेवून गेली.

शनिवारी त्रिशलाने प्रतिरूप उघडलं आणि संध्याकाळपर्यंत कोरं केलंच नाही. चाचणी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे मोठं पाप. तिने त्याला सगळं सांगितलं. शर्टाच्या बटणांपासून बटाट्यांपर्यंत, आणि रेहानाचा बेतही. बटाट्यांवर तो हसला. मग हसायचा थांबला.

"आन् मग तो दिवसभर करतो काय?"

तिने सांगितलं. गच्चीत बसतो. चिमण्यांना कणी टाकतो. डाव्या हाताने जेवायला शिकलाय, सांडत नाही आता. शेजारची लहान मुलगी येते, तिच्याबरोबर पत्त्यांचे बंगले करतो, पडले की दोघं हसतात.

प्रतिरूप इतका वेळ गप्प कधीच बसलं नव्हतं. यंत्र बिघडलं की काय म्हणून तिने तारा तपासल्या.

"तो मी न्हवं, त्रिशला," शेवटी आवाज आला. "माझं तोंड गेलं की मी गेलो, एवढं सरळ हाय. तसलं जगणं मला नगं. त्याला तू सांभाळशीलच, तुझा जीव हाय त्याच्यावर. पण मला पुसू नको. माझं ऐकशील का न्हाई?"

त्याने पुन्हा विचारलं, ऐकशील का न्हाई. सौद्यात भाव अडला की तो असाच पुन्हा पुन्हा विचारायचा, पण तेव्हा त्याच्या आवाजात भीती नसायची. तिला ते ऐकवेना. तिने त्याला कोरं केलं. लगेच तो म्हणाला, आलीस व्हय, उप्पिटात मीठ न्हवतं बघ. आपण एका माणसाला मारलं आणि तो उठून आपल्यालाच मिठाचं सांगतोय, असं तिला वाटलं.

रविवार तसाच गेला. नवऱ्याने स्पष्ट शब्दांत नको म्हटलं होतं, आणि नवऱ्याचे स्पष्ट शब्द ऐकायला ती किती दिवस तरसली होती. आता ते मोडायचे कसे? गच्चीत भूपाल चिमण्यांना कणी टाकत होता. एक चिमणी त्याच्या पायावर येऊन बसली तेव्हा त्याने हळूच वळून त्रिशलाकडे बघितलं, तूही बघ म्हणून. आणि तिला वाटलं की हा माणूस कुणाला तरी काही सांगू पाहतोय, अजूनही, रोज, आणि आपण त्याच्याऐवजी आजाराआधीच्या सही करणाऱ्याला विचारून आलो. आयुष्यभर ती साहेबलोकांशी याच एका गोष्टीवरून भांडली होती. सही कुणाची आहे ते सोडा, वापरणार कोण आहे त्याला विचारा.

विचारायचं काम डॉक्टरांनी केलं. वाचाघातात हो आणि नाही यांचीही अदलाबदल होते, म्हणून प्रश्न उलटसुलट करून, वेगवेगळ्या दिवशी विचारायचा नियम होता. जुनं प्रतिरूप पुसायचं का? भूपालने मान होकारार्थी हलवली. तसंच ठेवायचं का? नकार. पुसलं तर परत येणार नाही, चालेल? होकार. दर वेळी उत्तर तेच आलं. शेवटच्या दिवशी त्याने त्रिशलाकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात 'बटाटे' म्हणाला. तिला काही कळलं नाही.

खरं सांगायचं तर तिला त्याचा राग आला होता. किती पटकन मान हलवली, असं तिला वाटत होतं. बरंच झालं, सवत गेली, असा हिशेब असणार त्याचा. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याला तर भांडताही येत नव्हतं.

प्रतिरूप कंपनीकडे द्यायच्या आदल्या संध्याकाळी तिने ते शेवटचं उघडलं. मिठाची तक्रार झाली, तिने चूक कबूल केली. मग त्याने विचारलं, बोल, आज काय तपासायचं हाय? तपासायला काहीच नव्हतं. ती म्हणाली, आज नुसता पुकारा करा.

"कसला करू? माल कुठाय?"

"कसलाही करा हो."

मग त्याने त्या अळणी उप्पिटाचाच सौदा लावला. घरचा माल, सांगलीचा, बिनमिठाचा, खाणाऱ्याची जीभ शाबूत राहील याची हमी न्हाई. एकेका व्यापाऱ्याला नावानिशी उठवलं, कुणाच्या पोटावरून, कुणाच्या टकलावरून बोलला, भाव चढवत चढवत नेला आणि शेवटी स्वतःच माल उचलला. मालकीणबाई नाराज व्हायला नको, म्हणाला. ती हसत होती आणि हसता हसता तिला हुंदका आला.

"रडतीस का गं?"

"तुमची आठवण येते," ती म्हणाली.

"मी हितंच हाय की," तो म्हणाला.

तिने यंत्र बंद केलं.

पुढचं काम तिच्याच वाट्याला आलं. प्रतिरूपाला जखम शिकवणारे दुसरे होते, पण ते किती शिकलं हे मोजायचं कुणी? चाचणी करणाऱ्याने. रोज तिने त्याला तेच पडदे दाखवायचे आणि आज कुठला शब्द गेला ते नोंदवायचं. आधी व्यापाऱ्यांची नावं गेली. मग हळद गेली. एक दिवस तो उप्पीट म्हणायला गेला आणि 'ते, ते, सकाळचं' म्हणून अडकला. एक दिवस तिचं नाव गेलं. रेहाना म्हणाली, ताई, हे मी करते, तुम्ही घरी जा. पण तिला वाटलं, निदान या वेळी तरी तिथे कुणीतरी घरचं असावं.

ज्या दिवशी प्रतिरूप पहिल्यांदा 'बटाटे' म्हणालं त्या दिवशी सगळ्या टीमने टाळ्या वाजवल्या. टप्पा पार पडला की टाळ्या वाजवायची त्यांची पद्धत होती, हात आपोआप उचलले गेले. मग कुणाचं तरी त्रिशलाकडे लक्ष गेलं आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. एक मुलगा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

यंत्र घरी आलं. शर्टाला लावायचं एक छोटं टिकलीएवढं उपकरण, ते बघणार आणि ऐकणार. बोलणारी एक डबी, आणि डाव्या हातात धरायचं एक बटण. डबी वाक्य बोलून दाखवायची. बरोबर असेल तर भूपालने बटण दाबायचं, चूक असेल तर मान हलवायची, म्हणजे ती पुढचं वाक्य सांगायची. डबीला भूपालचा जुना आवाज द्यायचा का, असं रेहानाने त्याला विचारलं होतं. त्याने इतक्या जोराने नकार दिला की पुन्हा कुणी विषय काढला नाही. डबीचा आवाज कुणाचाच नव्हता, बँकेच्या फोनवर असतो तसा होता.

सुरुवातीला डबी बरीच चुकायची. पाणी हवंय का म्हणायची, त्याला पंखा हवा असायचा. हळूहळू सुधारली. उजवा खांदा दुखतो, झोपताना जास्त. भाजी तिखट झाली. खिडकीबाहेर चिमणीचं घरटं आहे, पडदा ओढू नको. हे वाक्य आलं तेव्हा त्रिशला कितीतरी वेळ पडदा हातात धरून उभी राहिली. मग एकदम त्याच्यापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, अहो, सांगा, आणखी सांगा.

आठवडाभर तो सांगत राहिला. छोट्या छोट्याच गोष्टी. रविवारी दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली, ती त्याच्या शेजारी येऊन टेकली. ती पूर्वी यंत्र मांडायची त्या टेबलाकडे तो बघत होता. टेबल आता रिकामंच असायचं.

"बटाटे," तो म्हणाला.

"तो गेला का?" डबीने विचारलं. त्याने बटण दाबलं.

"गेला," त्रिशला म्हणाली.

"बटाटे."

"पूर्ण?" त्याने बटण दाबलं.

"हो. पूर्ण." आणि इतके दिवस मनात धरलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला बरं वाटलं असेल."

त्याने तिच्याकडे बघितलं. बटाटे म्हणाला, मग पुन्हा म्हणाला, वेगळ्या स्वरात. डबी म्हणाली, मला राग आलाय. त्याने मान हलवली. डबी म्हणाली, मला झोप येतेय. त्याने मान हलवली. डबी म्हणाली, तुला त्रास झाला. तो थांबला, विचार केला, आणि मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण तो चिडला नव्हता. वाट बघत होता.

"मलाही त्याची आठवण येते," डबी म्हणाली.

भूपालने बटण दाबलं. मग त्रिशलाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा दाबलं.